मदत हवी आहे: पंचांनी घेतलेला दंड ही शिक्षा की भरपाई? (दुर्खीम)

नमस्कार. मी नाशिकला समाजशास्त्रात एम.ए. करतेय, दुसरं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय जातपंचायत आणि सामाजिक नियंत्रण. एका मुद्द्यावर आठवडाभर अडलेय, जाणकारांनी वाट दाखवावी.

विषय घरातलाच आहे. आत्याने जातीबाहेर लग्न केलं म्हणून पंचांनी आजोबांचं घर वाळीत टाकलं होतं. पंचवटीत भाऊबंदांकडे लग्न निघालं, आम्हाला पत्रिका नाही. आजी दारात उभी राहून वरात बघत होती, तर सख्ख्या बहिणीने तिला पाहून पदर पुढे ओढला. तीन वर्षांनी आजोबांनी दंड भरला, जातीला जेवण घातलं, पंगतीच्या कडेला चपलांपाशी उभं राहून हात जोडले. मग घर जातीत आलं. आत्या मात्र बाहेरच. २०१३ मध्ये अंनिसचं जातपंचायत मूठमाती अभियान नाशिकमधून उभं राहिलं, तेव्हा कुठे आजी हे पहिल्यांदा बोलली.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम १८९३ च्या ग्रंथात दमनकारी (शिक्षा देणारा) कायदा यांत्रिक ऐक्याची (सगळे सारखे म्हणून एकत्र) खूण मानतो, भरपाईचा कायदा सेंद्रिय ऐक्याची (कामं वेगवेगळी, म्हणून एकमेकांवर अवलंबून). मग आमचा दंड कुठे बसवायचा? पैसे दिले, संबंध जुळले, म्हणजे वरवर भरपाई. पण नुकसान कुणाचं झालं होतं? दुखावली होती ती जातीची सामूहिक भावना. मला ती सरळ शिक्षा वाटते.

गाईड म्हणतात, हिर्शीचा (१९६९) सामाजिक बंधांचा सिद्धांत लाव. समाजाशी बंध सैल झाले की माणूस नियम मोडतो. पण आत्याचे बंध सैल नव्हतेच. ते पंचांनी तोडले, तेही लग्नानंतर. मला समाजशास्त्रज्ञ बेकर (१९६३) पटतो: विचलन (नियमाबाहेर जाणं) कृतीत नसतं, समूह तसा शिक्का मारतो. आणि महाराष्ट्राच्या २०१६ च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो शिक्का पंचांवरच उलटवला, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

हा दंड दमनकारी म्हणून मांडला तर तोंडी परीक्षेत टिकेल का? गुन्हेशास्त्रज्ञ ब्रेथवेटची (१९८९) गुन्हेगाराला लाज देऊन पुन्हा सामावून घेण्याची कल्पना अशा पंगतीला कुणी लावून पाहिली आहे का? लेक बाहेर आणि घर आत, याला सामावून घेणं म्हणावं का?

शिवाय आजीचं बोलणं प्रबंधात कसं घेऊ? जात, गल्ली लपवली तरी पदराचा प्रसंग वाचताच आमच्यातली माणसं ओळखतील, आणि ती बहीण अजून हयात आहे.