रिटायर झाल्यावर वाद्य शिकायचंय, सतार, बासरी की पेटी?

मांजलपूरची_मावशी
नमस्कार मंडळी. मार्चमध्ये रिटायर होतेय, शाळेच्या ऑफिसात आहे. नंतर एखादं वाद्य शिकायचं हे आता मनाने पक्कं घेतलंय. गाणं कधी शिकले नाही पण कान बरा आहे, कोणी बेसूर गेलं की लगेच कळतं. सतार कॉलेजपासून आवडते, पण घरचे म्हणतात या वयात ती झेपणार नाही, पेटी शीक, सोप्पी असते. जाऊबाई म्हणतात बासरी घे, स्वस्तात मस्त. आता माझी रड ऐका, गुडघे कुरकुरतात, मांडी घालून फार वेळ बसवत नाही, आणि एका हाताचं करंगळीशेजारचं बोट सकाळी उठलं की अडकतं, डॉक्टर ट्रिगर फिंगर म्हणाले. फ्लॅटच्या भिंतीपलीकडे तान्हं बाळ आहे ते वेगळंच. इथे बडोद्यात दांडिया बाजारात आमचं गुरुवारचं भजनी मंडळ आहे, पेटीवाल्या बाई आल्या नाहीत की सगळा कारभार टाळांवर. काय घेऊ?

भाता_आणि_मी
ताई, पेटी सोप्पी असते असं म्हणणाऱ्यांनी ती कधी वाजवलेली नसते 😀 स्वर तयार मिळतो हे खरं, पट्टी दाबली की सूर, त्यामुळे आरत्या लवकर बसतात आणि माणूस हुरळतो. पण डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर, हे दोघं आपापलं काम करायला लागेपर्यंत जीव जातो, ओळ संपायच्या आधी हवा संपते आणि आवाज मध्येच बसतो. भजनाची साथ आणखी वेगळी, कारण गाणारा कुठे उचलेल भरवसा नाही, पुरुष काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, बायका काळी चार नाहीतर काळी पाच, म्हणजे एकच अभंग असे दोन-तीन सा धरून, दोन-तीन पट्ट्यांत बसवून ठेवावा लागतो. स्केलचेंजर नावाच्या पेटीत पट्ट्यांचा संचच सरकवून सा बदलता येतो, पण तो वजनाला जड, महाग, आणि बिघडला की बघायला जाणकार माणूस लागतो. सुरुवातीला साधी डबल रीड बास झाली, म्हणजे प्रत्येक पट्टीला दोन सूर, खर्ज हा खालचा जाड आणि नर हा त्याच्या वरचा. टेबलावर ठेवून खुर्चीत बसून वाजवता येते, तुमच्या गुडघ्यांचा प्रश्न मिटला.

सुरसागर_काठी
मी बासरीवाला, त्यामुळे माझं मत पक्षपाती समजा. पेटीत मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, नाही, दोन पट्ट्यांच्या मधला स्वर तिच्याकडे नाहीच. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दारं बंद ठेवली होती त्यामागे हीच तक्रार. बासरीवर मींड बोट सरकवून निघते आणि भजनात ती फार गोड लागते. पण जाऊबाईंना सांगा, स्वस्त असली तरी फुंक लागेपर्यंत नुसती हवा येते, आणि जोर लावून फुंकत बसलात तर चक्कर येते, थांबत थांबत करायचं. शिवाय सहा भोकांवर दोन्ही हातांची मधली तीन-तीन बोटं लागतात, त्यात तुमचं अडकणारं बोट आलंच, हात कुठलाही असो. लांब, खर्जाच्या बासरीत भोकं एकमेकांपासून लांब, तिथे तर बोटं फार ताणली जातात. घ्यायचीच तर छोटी घ्या, पण बोट रोज अडकत असेल तर मी घ्या म्हणणार नाही. आणि हो, बाळाच्या झोपेला बासरी सर्वात वाईट, वरचे स्वर भिंतीतून आरपार जातात!

रावपुऱ्यातली_रेवा
अहो पण त्यांनी सतार आवडते लिहिलंय ना, सगळे पेटी-बासरीवरच का उतरलात? मावशी, बोट कुठल्या हाताचं ते लिहा आधी. सतारीत डाव्या हाताची तर्जनी आणि मध्यमाच पडद्यांवर फिरतात, उजव्या तर्जनीत मिजराब, म्हणजे तार छेडायची तारेची नखी, करंगळीशेजारच्याला दोन्हीकडे फारसं काम नाही. घरचे सतार झेपणार नाही म्हणतात ते बोटांच्या टोकांमुळे असेल, मींड काढताना तार पडद्यावर आडवी ओढायची असते आणि सुरुवातीला उत्तरायणात मांज्याने बोट कापतं तसं होतं, मग कातडी घट्ट होते. बैठक मात्र खरंच अवघड. खुर्चीत बसून वाजवणारे असतात पण ते गुरुंनी समोर बसवून दाखवायला हवं, व्हिडिओ बघून नको, पाठ जाते. तारा जुळवण्यातही रोजचा वेळ जातो, खाली तरफा, म्हणजे आपोआप गुंजणाऱ्या बारीक तारा, असतात त्या वेगळ्या.
एक करा, सुरसागर तलावाजवळ एम. एस. युनिव्हर्सिटीची परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे ना, सयाजीराव महाराजांच्या वेळी १८८६ मध्ये मौलाबक्षांनी सुरू केलेली गायनशाळा ती हीच, तिथे जाऊन चौकशी करा, बाहेर शिकवणारं कोण ते तिथली मंडळी सांगतील. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षाही मोठ्या वयात देता येतात, आमच्या ओळखीतल्या एका आजोबांनी प्रारंभिक दिली, नातवाच्या वयाच्या मुलांबरोबर बसून.

मांजलपूरची_मावशी
बापरे, एवढं सगळं! बोट डाव्या हाताचं आहे. म्हणजे बासरी बाद, जाऊबाईंना कळवते. रेवा, तुझं वाचून सतारीचा मोह पुन्हा झाला खरं, पण मला एकटीने खोलीत बसून वाजवायचं नाहीये गं, गुरुवारी सगळ्यांबरोबर वाजवायचंय, हे लिहितानाच लक्षात आलं. भाता काका, मंडळाची जुनी पेटी घरी आणू की नवीन घेऊ? भाता डाव्या अडक्या बोटाने चालेल ना?

भाता_आणि_मी
भाता सगळ्या बोटांनी मिळून हलका ओढायचा असतो, घट्ट पकडायचा नाही, तरी डॉक्टरांना एकदा विचारा. आधी मंडळाचीच आणा. भाता पूर्ण भरा, एकही पट्टी न दाबता सोडा, लगेच फस्सकन बसला तर हवा गळतेय. मग प्रत्येक पट्टी अगदी हळू दाबून बघा, एखादी चिकटत असेल, एखादा सूर हात काढल्यावरही वाजत राहत असेल तर खूण करून ठेवा, दुरुस्तीवाल्याला तेच दाखवायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, म्हणून बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. आणि बाळ झोपलेलं असेल तेव्हा खर्जाचा खटका आत ढकलून फक्त नर ठेवा, आवाज बराच कमी होतो. मंडळात बायका कुठल्या पट्टीत गातात ते या गुरुवारी बघून इथे टाका, मग पहिली आरती त्याच पट्टीत कशी बसवायची ते लिहितो.