'शो अराउंड' मध्ये माणूस कुठे बसवायचा?

काल नव्या सहकारी मॅडमना ऑफिस दाखवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी ऐटीत म्हणालो, 'आय विल शो अराउंड यू.' त्या गालात हसल्या. प्रिंटर, पॅन्ट्री, मीटिंग रूम सगळं दाखवलं, पण डोक्यात तेच हसू. काय चुकलं?

↳ अहो, माणूस मध्ये घाला! 'आय विल शो यू अराउंड.' जागा सांगायची तर ती शेवटी: 'शो यू अराउंड द ऑफिस'. ब्रिटिश मंडळी 'शो यू राउंड' असंही म्हणतात. तुमचं वाक्य ऐकून वाटतं, त्यांच्याभोवती काहीतरी फिरवून दाखवणार आहात.

↳ 'शो इन' मात्र वेगळं हं. 'शो हर इन' म्हणजे आत आणून सोडणं, फिरवणं नाही. आणि 'शो अप'मध्ये कुणाला काही दाखवायचंच नसतं, नुसतं उगवायचं!

↳ (मीच) आणि मला कुणी दाखवलं तर?

↳ 'आय वॉज शोन अराउंड.' 'शोड' लिहू नका, कानाला खटकतं.

↳ (मीच) सोमवारी दोन इंटर्न येताहेत. 'आय विल शो देम अराउंड', जमलं?

↳ जमलं. प्रिंटर आधी दाखवा, सगळे तिथेच अडकतात.