गिअरबॉक्स बसेल, तेल थंड कसं ठेवाल?

भाऊ, जुन्या डिझेल पिकअपला नवा सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स टाकायचा म्हणताय, आणि तुमच्या पोस्टखाली सल्ला देणारे सगळे बेल हाउसिंग, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं कवच, जुळेल का यावरच अडलेत. दोन्ही जुळवणारी अ‍ॅडॉप्टर प्लेट चांगला लेथवाला करून देतो हो. खरी गोम वायरिंगची. गिअर कधी बदलायचा हे इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर ठरवतो. त्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय हे त्याला कळावं लागतं. जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपावर तसा सेन्सर नसतोच. तो बसवा, स्वतंत्र कंट्रोलर घ्या.

दुसरं म्हणजे आपला मे महिना. रावेरची केळी भरून कन्नड घाट चढताना टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) घसर होते, आणि ती सगळी उष्णता तेलात उतरते. जळगावात पारा ४५ कडे असताना रेडिएटरमधल्या इवल्याशा कूलरवर मी तरी विसंबणार नाही. वेगळा ऑइल कूलर आणि तेलाच्या तापमानाचं मीटर, दोन्ही लावा. घाट उतरताना गाडी ‘डी’वर सोडू नका, गिअर हाताने खाली घ्या.

गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलली तर बॅलन्सिंग आलंच. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, तेव्हा गिअरबॉक्स विकत घेण्याआधी आरटीओत एक चक्कर मारा.