लॅपटॉप चालूच होईना: तुमच्यावर ही वेळ आली तेव्हा काय केलंत?

परवा रात्री बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. दिवा लागेना, पंख्याचा आवाज येईना. मुलीचा सकाळी द्यायचा प्रकल्प त्यातच अडकलेला. तासभर नुसतं बटण दाबत बसलो. शेवटी चार्जर, माउस, पेन ड्राइव्ह सगळं काढलं, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरलं, मग फक्त चार्जर लावून पुन्हा दाबलं. आणि चालू झाला! आत साठून राहिलेला चार्ज अशाने निघून जातो आणि वीज सांभाळणारी चिप नव्याने सुरू होते. हे आधी ठाऊक असतं तर पोरीचं रडणं वाचलं असतं. म्हणून हा धागा. तुमचे अनुभव सांगा, पण नुसता उपाय नको. आधी काय दिसलं, काय ऐकू आलं तेही लिहा.

* * *

माझा लॅपटॉप मुळात बंद नव्हताच. स्क्रीन काळीकुट्ट, पण कॅप्स लॉक दाबलं की त्याचा बारीक दिवा लागायचा. म्हणजे आत सगळं सुरळीत होतं. खोलीत अंधार केला, मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरला, तर डेस्कटॉपवरचे आयकॉन धुक्यातून दिसावेत तसे दिसले. बॅकलाइट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड, गेला होता. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला आणि सगळ्यात आधी फायली उतरवून घेतल्या. दुरुस्तीचं नंतर बघितलं.

* * *

आमच्याकडे दोन दिवस कोडंच होतं. टेबलावर ठेवला की स्क्रीन जायची, मांडीवर घेतला की यायची! टेबलावर तो दुसऱ्या मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवत होतो. झाकण मिटलंय हे लॅपटॉपला चुंबकावरून कळतं. खालच्या लॅपटॉपच्या चुंबकामुळे वरच्याला वाटायचं, आपलं झाकण लावलंय.

* * *

टाइप-सीवाल्यांनो, पिन बसते म्हणून फोनचा चार्जर लावू नका. माझा १८ वॅटचा होता, लॅपटॉपला ६५ वॅटचा लागतो. बॅटरी पार उतरली होती. त्याचा स्वतःचा चार्जर लावून अर्धा तास हातही लावला नाही, मग सुरू झाला.

* * *

पंखा फिरायचा, बीप वाजायचे, स्क्रीनवर काही नाही. बीप किती आणि कसे वाजतात ते मोजून ठेवा, कंपनीप्रमाणे त्यांचा अर्थ बदलतो. माझ्या बाबतीत दोष रॅमचा, म्हणजे मेमरीच्या पट्टीचा निघाला. मागचं झाकण उघडून आधी बॅटरीची जोडणी सोडवली. रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोकं खोडरबराने अगदी हलक्या हाताने पुसली, तिरकी आत सरकवली आणि खटका बसेपर्यंत दाबली. पहिल्याच बटणाला चालू. हल्लीच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डाख दिलेली असते, तिथे हा उपाय नाही.

* * *

माझा अनुभव चांगला नाही, तरी लिहिते. कीबोर्डवर पाणी सांडलं. पुसलं, आणि चालतोय का बघायला लगेच बटण दाबलं. तेच चुकलं. आत ओल असतानाच त्यातून वीज वाहिली, जळका वास आला आणि बोर्ड जळाला. लगेच बंद ठेवून, चार्जर काढून, उलटा करून उघडायला दिला असता तर कदाचित वाचला असता. एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी डिस्क, शाबूत होती. ती काढून दुसरीकडे जोडली तर बिटलॉकरने, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीने, ४८ अंकी रिकव्हरी की मागितली. बाबांचे शेवटच्या वर्षातले सगळे फोटो त्यात होते. मायक्रोसॉफ्टच्या खात्यात लॉगिन केलं, तिथे ती सापडली. एकेक अंक दोनदा तपासून घातला. फोटो उघडले तेव्हा मी आणि आई कितीतरी वेळ बोललोच नाही.

* * *

तुमचं वाचून आत्ताच उठलो आणि माझी रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवली. एक विचारायचं राहिलं: माझा परवाचा लॅपटॉप चालू झाला खरा, पण टचपॅड एका कडेने उचलल्यासारखा वाटतोय. आधी असा नव्हता. कुणाला असा अनुभव?

* * *

चार्जर आत्ताच्या आत्ता काढा आणि लॅपटॉप बंद करा. बॅटरी फुगली असणार. टचपॅड दाबून बसवू नका, टोचू नका, गादीवर ठेवू नका. उद्या सकाळी जाणकाराकडून बॅटरी काढून घ्या. माझ्या लॅपटॉपची सुरुवात अशीच एका कडेने झाली होती.