मोर्चा बसतो की निघतो?

फोंडा : दिवाळीत आमच्याकडे गोव्यात नरकासुराचे पुतळे करतात, किल्ले नव्हेत. पण पुण्याच्या मावसभावाने मुलांच्या डोक्यात खूळ भरवलं आणि यंदा अंगणात फोंड्याचा कोट उभा राहतोय. शिवाजी महाराजांनी 1675 च्या एप्रिलात या कोटाला वेढा घातला. त्यात तटापासून अवघ्या 12 फुटांवर मातीची भिंत घालून माणसं तिच्या आड बसवली. मुलांनी ती भिंतही केलीय, चिखलाची, छान ओबडधोबड. वर चिठ्ठी लावलीय, ‘बॅरिकेड’. मला ते वाचलं की पोलिसांचं पिवळं लोखंडी धूडच दिसतं. मराठी शब्द सांगा.

डिचोली : मोर्चा. हाच शब्द आहे, दुसरा शोधत बसू नका.

फोंडा : सांगून पाहिलं. धाकटी म्हणाली, मोर्चा पणजीला आझाद मैदानावर असतो.

डिचोली : तिची काय चूक? शब्दच बसल्या जागेवरून उठून चालायला लागलाय. आज मोर्चा निघतो, जातो, धडकतो. पूर्वी मोर्चे बांधत, लावत. फारसी मूर्चालवरून आला. मूर म्हणजे मुंगी, चाल म्हणजे खड्डा, अशी फोड सांगतात. मुंग्या वारूळ करताना माती उपसून कडेला रचतात ना, तसं. खणलेला चर आणि त्याच मातीचा पुढचा आडोसा मिळून मोर्चा. निवडणुकीत ‘मोर्चेबांधणी’ छापतात तिथे जुना अर्थ अजून जिवंत आहे. निघणारी गोष्ट कोणी बांधतं का?

म्हापसा : मी दमदमा म्हटलं असतं. धमधमा असंही वाचलंय.

डिचोली : दमदमा उंच हवा. तटाच्या वरून आत मारा करता यावा म्हणून रचलेला ढिगारा किंवा मचाण, वर तोफा. नाशिकजवळ रामशेजला मोगलांनी लाकडाचा दमदमा उभारला होता. कोलकात्याचं दमदम विमानतळ ज्या गावावरून, त्या गावाचं नावही याच शब्दावरून आलं असं मानतात. मुलांची भिंत केवढी आहे?

फोंडा : वीतभर. तट हातभर.

डिचोली : मग दमदमा बाद.

पेडणे : संगर?

म्हापसा : संगर म्हणजे युद्ध ना? कवितेतला.

पेडणे : तो संस्कृतातला. पश्तू-फारसीत संगर म्हणजे दगड रचून केलेला आडोसा, सैन्यात अजून चालतो. फक्त कानाला सारखे लागतात, नातं काही नाही. हो, पण इथे दगडच नाहीत, त्यामुळे मीच माघार घेतो.

दिवाडी : मेढेकोट राहिला की! मेढी, म्हणजे लाकडी खांब, रोवून केलेला कोट. पक्का तट बांधायला सवड नसली की हाच. लग्नाच्या माटवाची मुहूर्तमेढ रोवतो तीच ही मेढ. पोर्तुगीज अशा कोटाला त्रांकैरा म्हणत. 1511 साली त्यांच्या आल्बुकर्कने आजच्या मलेशियातलं मलाक्का घेतलं तेव्हा तिथल्या लोकांनी पुलावर असेच मेढेकोट घातले होते. त्या शहरात तेंगकेरा नावाचा भाग आहे, तो याच त्रांकैरावरून.

आणखी एक, थोडं बाजूचं. आमच्या खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेताचा, बांध भर पावसात फुटला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांचा असेन. दगड आणायला वेळ नव्हता. वडिलांनी आणि शेजाऱ्यांनी कांदळाच्या फांद्या खुपसल्या, त्यांच्यात गवताचे पेंढे दाबले आणि वरून हातांनी चिखल थापला. थापताना प्रत्येक गोळ्याचा ‘थप्प’ असा ओला आवाज यायचा. नुसता चिखल वाहून जातो, फांद्यांना धरून मात्र राहतो. वेढ्यातली माणसंही फांद्यांचे भारे आणि मातीच्या टोपल्या याच हिशेबाने रचत. मातीत तोफेचा गोळा रुततो, दगड फुटून ठिकऱ्या आपल्याच अंगावर येतात. त्यामुळे घाईची म्हणून मातीची भिंत कमी दर्जाची, असं मुलांना सांगू नका.

म्हापसा : बॅरिकेडसुद्धा मूळचं घाईचंच काम. फ्रेंचमध्ये ‘बारीक’ म्हणजे पिंप. 12 मे 1588 ला पॅरिसच्या लोकांनी पिंपांत माती-दगड भरून रस्ते अडवले. पोर्तुगीजमध्येही पिंपाला बार्रिका म्हणतात.

फोंडा : पिंप नाही, तेव्हा बॅरिकेडही गेलं. पण तटाच्या इतक्या जवळ येऊन भिंत घालायची वेळ का आली?

डिचोली : सुरुंग लागू होईनात म्हणून. आतला किल्लेदार महंमदखान उलट सुरुंग काढून ते निकामी करायचा. जमिनीखालून जमेना, तेव्हा जमिनीवर माती रचली. मे महिन्यात कोट पडला.

फोंडा : मग चिठ्ठी अशी केलीय : ‘मराठ्यांचा मोर्चा. मातीचा. तटापासून 12 फूट.’ धाकटीने खाली स्वतःच्या अक्षरात जोडलंय, ‘हा चालत नाही.’