रेघ ओढली म्हणून थेट बाहेर? (हायस्कूल बेसबॉल)

प्लेटमागचा:
परवा फुटकळ गप्पांत एडिसनकरांनी लिहिलं होतं: "हायस्कूल बेसबॉलचे अंपायर फार ताठलेत. सोळा वर्षांच्या पोराने बॅटने मातीत एक रेघ काय ओढली, थेट बाहेर! ना ताकीद, ना काही. न्यू जर्सीत पुढचे दोन सामनेही गेले. सगळा अहंकाराचा खेळ." खाली चौघांनी +१ ठोकले. ते बघून राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

आधी ती रेघ म्हणजे काय ते पाहू. न मारलेल्या चेंडूवर अंपायरने तिसरा स्ट्राइक पुकारला, म्हणजे बॅटर बाद ठरवला, की तो वाकतो, बॅटचं टोक प्लेटच्या (बॅटरपुढे जमिनीत बसवलेला पांढरा तुकडा) कडेपासून वीतभर लांब टेकवतो आणि मातीत सावकाश ओढत नेतो. तोंडातून अवाक्षर नाही. पण 'चेंडू इथून गेला, या माणसाला दिसत नाही' हे दोन्ही डगआउटना (संघांच्या बसायच्या जागा), चेंडू टाकणाऱ्या पिचरला, स्टँडमधल्या आजीलाही कळतं. तोच पोरगा परत जाताना "चेंडू बाहेर होता सर" असं पुटपुटला असता तर ते तिघांनीच ऐकलं असतं: त्याने स्वतः, प्लेटमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरने आणि अंपायरने. तेवढ्यावर कुठलाही शहाणा अंपायर काही करत नाही. रेघेसाठी वेगळं कलम नाही, ती खिलाडूवृत्तीला सोडून केलेल्या कृत्यांत धरतात.

दुसरं, ताकीद हा हक्क नाही. एनएफएचएसचा (हायस्कूल खेळांचे नियम करणारी अमेरिकेतली संघटना) नियम ३-३-१ वाचा. खेळाडूच्या बाबतीत मूळ शिक्षा बाहेर काढणं हीच आहे. कृत्य किरकोळ वाटलं तर अंपायर ताकीद देऊ शकतो. 'देऊ शकतो', 'दिलीच पाहिजे' नव्हे. निष्काळजीपणे बॅट भिरकावली तर मात्र आधी संघाला ताकीद असते आणि त्यानंतर त्या संघातला जो कोणी भिरकावेल तो बाहेर. मुद्दाम फेकली तर ताकीद नाहीच.

एडिसनकर:
प्रवचनाबद्दल आभारी आहे. पण प्रश्न टाळलात. त्याच मैदानावर तिसऱ्या बेसजवळ उभा असलेला चाळिशीचा कोच पहिल्या इनिंगपासून "कुठे होता तो चेंडू?" म्हणून कोकलत असतो. त्याला आधी तोंडी समज, मग लेखी, डगआउटमध्ये बसवणं, मग बाहेर, अशा पायऱ्या. सोळा वर्षांच्या पोराला एकही नाही. यांच्यात वयाने मोठं कोण? पोरं कोचकडे बघूनच शिकतात. पाच इनिंग कोचला खपवून घ्यायचं आणि सहाव्या इनिंगला पोरावर हात साफ करायचा, याला शिस्त म्हणत नाहीत.

स्कोअरबुक:
एडिसनकरांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे (लिहिताना हात जड झाला). पण त्या पायऱ्या चढायच्याच असतात असं नाही. कोचने गंभीर काही केलं तर पहिल्याच फटक्याला बाहेर काढता येतं. लेखी ताकीद लाइनअप कार्डावर (संघाच्या खेळाडूंची यादी) नोंदवायची असते, आणि गाडं अडतं ते तिथेच. पुष्कळ अंपायर तोंडी समजच चार वेळा देत बसतात. कार्डावर लिहिण्यासाठी पेन काढणं त्यांना भांडणाला निमंत्रण वाटतं. मग कोचला कळतं की हा बोलतो, लिहीत नाही. आणि शेवटी राग निघतो तो ज्याच्यावर काढणं सोपं आहे त्याच्यावर.

आणि दोन सामने अंपायर देत नाही. तो त्या सामन्यापुरतं बाहेर काढतो आणि अहवाल पाठवतो. पुढची बंदी राज्याच्या संघटनेची. न्यू जर्सीत एनजेएसआयएए दोन सामने देते, कॅलिफोर्नियात सीआयएफ पुढचा एक. भांडायचं तर ट्रेंटन-साक्रामेंटो या राजधान्यांच्या दिशेने भांडा.

प्लेटमागचा:
स्कोअरबुकांशी सहमत, पेनाबद्दल तर जास्तच. शिकवतात ते असं: दुर्लक्ष, दखल, ताकीद, बाहेर. दखल म्हणजे "ऐकलं कोच" एवढं म्हणून पुढचा चेंडू. ताकीद देताना हाताचा तळवा समोर, म्हणजे थांबवलं हे सगळ्यांना दिसतं. त्यानंतरही तोंड चालू राहिलं तर कुणी "अचानक काढलं" म्हणू शकत नाही. आणि परीक्षा तीनच: वैयक्तिक झालं का, शिवी आली का, लांबत चाललंय का. "तो चेंडू खाली होता" हे चेंडूबद्दल आहे. "तू आंधळा आहेस" हे माणसाबद्दल.

पोरांसाठी उत्तम हत्यार म्हणजे ब्रश. प्लेट स्वच्छ असली तरी पुढे यायचं, पाठ पिचरकडे करायची, वाकून झाडायला लागायचं आणि मान वर न करता बॅटरला सांगायचं, "आता बास, पुढचं ऐकून घेणार नाही." कॅचरशिवाय कुणाला पत्ता लागत नाही, पोराची लाज राहते. पण रेघ ओढून झाली की ब्रशचा उपयोग संपला, कारण जे झालं ते सगळ्यांसमोर झालं.

चिखलवाडी:
मला या खेळाचं हेच कळत नाही. क्रिकेटसारखं धावांत का मोजत नाहीत? २०१७ पासून कायदा ४२ आहे. पहिल्या स्तराचं गैरवर्तन, म्हणजे अंपायरच्या निर्णयावर नाराजी दाखवणं वगैरे: आधी ताकीद, पुन्हा केलं की समोरच्या संघाला ५ धावा. दुसरा स्तर, थेट ५ धावा. तिसऱ्याला ५ धावा आणि काही षटकं मैदानाबाहेर. मर्यादित षटकांत डावाच्या एक पंचमांश. चौथ्याला सामन्यातूनच बाहेर. पोराचं करिअर वाचतं, संघाला चटका बसतो आणि बाकीची दहा जणंच त्याला गप्प करतात.

प्लेटमागचा:
क्रिकेटच्या ५ धावा आणि बेसबॉलच्या ५ धावा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे हो. हायस्कूलचा सामना सात इनिंगचा. सामना सोडून दिला तर समोरच्याला ७-० असा निकाल देतात. तुमच्या ५ धावा म्हणजे जवळजवळ तेच.

आणि खेळात शिक्षा नाही असं कोण म्हणालं? धावणाऱ्याने कॅचरला मुद्दाम धडक दिली तर तो बाद आणि सामन्याबाहेर. कॅचर वाट अडवून उभा असला तरी धडकेचा निर्णय वरचढ. फक्त धडकेआधी धाव पूर्ण झाली असेल तर ती मोजतात.

चिखलवाडी:
म्हणजे धडक दिली की संघाला किंमत, रेघ ओढली की पोराला. कमाल आहे. असो, १९८१ ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची मेलबर्न कसोटी आठवा. अंपायर रेक्स व्हाइटहेडने लिलीच्या चेंडूवर गावसकरला पायचीत दिला, गावसकर चेतन चौहानला घेऊन चालू लागला. तिथे कायदा ४२ असता तर?

एडिसनकर:
झालं. गावसकर आला. आता धाग्याचं काश्मीर.

चिखलवाडी:
मग येणारच! संघाचे व्यवस्थापक शाहिद दुराणींनी चौहानला सीमारेषेवरून परत पाठवलं म्हणून सामना वाचला, आणि पुढे १४३ चा पाठलाग करताना ऑस्ट्रेलिया ८३ त आटोपली. कपिल २८ त ५. अंपायरने काहीच केलं नाही, सामना वाचवला तो आपल्याच माणसाने.

स्कोअरबुक:
चिखलवाडी, नकळत बेसबॉलचाच मुद्दा मांडलात. दुराणींच्या जागी इथे हेड कोच. सामन्याआधी प्लेटजवळच्या बैठकीत खिलाडूवृत्तीबद्दल त्यालाच सांगतात. रेघ ओढायच्या आधी चेहरा पाडत परतणाऱ्या पोराला "चल, आत ये" म्हणणारा कोच असेल तर अंपायरवर वेळच येत नाही.

चिखलवाडी:
नकळत काय? कळून सवरून मांडला. तुम्हाला मान्य करायला तीन प्रतिसाद लागले, त्याला मी काय करू.

एडिसनकर:
मी विचारलं होतं कोचला का सोडता. फिरून फिरून सगळे तिथेच आलात. धन्यवाद. प्लेटमागचा यांनीही लेखी ताकीद वेळेवर द्यावी असं एकदा सरळ म्हणावं, मग रेघेबद्दल मी गप्प बसतो.

प्लेटमागचा:
म्हणतो. दुसऱ्या तक्रारीला पेन निघालं पाहिजे. रेघेला मात्र बाहेरच. झालं समाधान?

एक राहिलं. काढायची पद्धत. टाइम घ्यायचा (खेळ थांबवायचा), एकदाच हात करायचा, पाठ फिरवून चालू पडायचं. डगआउटकडे चालत जायचं नाही. अंपायर तिकडे गेला की भांडण त्याने ओढवलं असं दिसतं, आणि दिसतं ते खरंच असतं. मध्ये पडायचं काम जोडीदार अंपायरचं. कोचला बाजूला घ्यायचं, वाद घालायचा नाही. इनिंग, धावसंख्या आणि नेमके शब्द लिहून ठेवायचे. अहवालात "फार उद्धट बोलला" चालत नाही, बोलला ते अवतरणात जसंच्या तसं, फुल्या न घालता. काढलेला कोच नजरेआड आणि आवाजाआड गेला पाहिजे. पार्किंगमधून खुणा करणंही नाही. काढलेला खेळाडू मात्र बेंचवरच बसतो, कारण पोराला एकट्याला कुठे धाडणार?

एडिसनकर:
आणि बेंचवर बदली नसेल तर?

स्कोअरबुक:
नऊ जणांनी सुरू झालेला सामना आठांनी संपवता येतो. फलंदाजीच्या क्रमात काढलेल्या पोराची पाळी आली की दर वेळी एक बाद. आठाचे सात झाले की सामना गेला.

चिखलवाडी:
म्हणजे अखेर संघालाच किंमत. मग माझ्या ५ धावांनी कुणाचं काय बिघडलं होतं?