पहिल्या वर्षाला जीवशास्त्राचा कोणता विषय घेतलात? अनुभव लिहा

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला विषय निवडताना जीवशास्त्राची आवड असलेली मुलं हमखास एका ठिकाणी अडकतात. यादीत पेशीविज्ञान असतं, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, परिस्थितिकी, अनुवंशशास्त्र असतं आणि बहुतेकांच्या पुढे 'परिचय' किंवा 'मूलतत्त्वे' लिहिलेलं असतं. शाळेत हे सगळं एकाच पुस्तकात होतं, म्हणून कुठलंही घेतलं तरी फारसा फरक पडणार नाही असं वाटतं. फरक खूप पडतो. ढोबळमानाने दोन वाटा आहेत. एक रेणूपासून निघून पेशीकडे आणि जनुकाकडे जाते. दुसरी अख्ख्या सजीवापासून निघून प्रजाती, अधिवास आणि उत्क्रांतीकडे जाते. आठवडाभर तुम्ही नक्की काय करत बसणार, हे या दोन वाटांवर पूर्ण वेगळं असतं.

पहिल्या वर्षाच्या मुलांना विषय निवडायला मी मदत करते. त्यांना मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: आधी प्रॅक्टिकलची यादी वाचा, विषयाचं नाव नंतर. व्याख्यान ऐकून विषय आवडेल की नाही याचा अंदाज येत नाही, प्रॅक्टिकल केलं की लगेच येतो. पण माझ्या सांगण्यापेक्षा ज्यांनी हे विषय घेतले त्यांच्या तोंडून ऐकलेलं बरं. काय घेतलंत, का घेतलंत आणि हातांना-डोळ्यांना दर आठवड्याला काय काम होतं, ते लिहा. सविस्तर लिहिलंत तर फार बरं.

पेशीविज्ञान, आता तिसऱ्या वर्षाला

मी हा विषय सूक्ष्मदर्शकासाठी घेतला, दुसरं कारण नव्हतं. पहिल्याच महिन्यात कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल होतं. कांदा पाण्यावर ठेवून मुळं वाढवायची, टोकाकडचा सेंटिमीटरभर भाग कापायचा, ॲसिटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात फिक्स करायचा (म्हणजे पेशी आहेत त्या स्थितीत टिकवायच्या), गरम सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करायचा. मग ॲसिटोकार्मिनने रंगवून अगदी टोकाचा कण स्लाइडवर घ्यायचा, वर कव्हरस्लिप, त्यावर टिपकागद आणि अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा जरा जरी बाजूला घसरला तरी पेशी एकमेकींवर गुंडाळतात आणि स्लाइड वाया जाते.

पुस्तकात पेशीविभाजनाच्या चार अवस्था शेजारीशेजारी, सारख्याच आकाराच्या छापलेल्या असतात. स्लाइडवर बहुतेक पेशी नुसतं गोल केंद्रक घेऊन बसलेल्या दिसतात, वरवर पाहता काहीच न करणाऱ्या. गुणसूत्रं मधल्या रेषेवर आलेली एखादी पेशी हुडकून काढावी लागते. मग सरांनी सगळ्यांना प्रत्येक अवस्थेतल्या पेशी मोजायला लावल्या. ज्या अवस्थेत जास्त पेशी सापडतात ती अवस्था जास्त वेळ चालत असणार, हे तेव्हा कळलं. एकही पेशी जिवंत नव्हती, तरी कुठल्या टप्प्याला किती वेळ लागतो याचा अंदाज आम्ही त्या स्लाइडवरून काढला. माझ्यासाठी विषय त्या दिवशी ठरला.

घेणाऱ्यांना इतकंच सांगेन की एकाच स्लाइडवर तासभर डोळा लावून बसता येतं का, ते पाहा. माझ्या शेजारच्या मुलीला ते अजिबात जमायचं नाही. ती पुढच्या सत्रात परिस्थितिकीला गेली आणि तिथे खूश आहे.

वनस्पतिशास्त्र

'नुसतं पाठांतर असतं' असं ऐकून हा विषय सोडणाऱ्यांसाठी लिहितोय. नावं पाठ करावी लागतात हे खरं. पण आम्हाला आधी झाड ओळखायची किल्ली शिकवली. प्रत्येक पायरीवर दोन विधानं असतात: पानं समोरासमोर की एकाआड एक? खोड गोल की चौकोनी? यातलं एक निवडायचं आणि पुढच्या पायरीला जायचं. चौकोनी खोड, समोरासमोर पानं, दोन ओठांसारखं फूल असं सगळं जुळलं की लॅमिएसी (तुळशीचं कुळ) हे नाव आपोआप तोंडात येतं. यात पाठांतर थोडं आणि बघणं जास्त.

लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली झाडांना दोन शब्दी नावं दिली, त्यातली कितीतरी आजही तशीच चालतात. काही मात्र बदलली, कारण डीएनएची तुलना केल्यावर नातीच वेगळी निघाली. मॅडमनी हे सांगितलं तेव्हा विषय अजून जिवंत आहे, त्यात काम बाकी आहे, याचा मला फार आनंद झाला. उन्हात चालायची आणि वाकून बघायची तयारी असेल तर जरूर घ्या.

सूक्ष्मजीवशास्त्र, रंगांची अडचण असलेला

मला लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. त्यामुळे प्रॅक्टिकलची यादी वाचण्याचा सल्ला माझ्या बाबतीत शब्दशः उपयोगी पडला. यादीत ग्रॅम स्टेन होता, म्हणजे जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखायची पद्धत. मूळ पद्धत १८८४ सालची, आता अशी करतात: क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोलने धुणं, शेवटी सॅफ्रानिन. जाड भित्तिका असलेले जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात. बाकीच्यांचा जांभळा धुऊन जातो आणि ते सॅफ्रानिनने गुलाबी होतात. आणि जांभळा-गुलाबी हाच फरक मला कळत नाही.

नाव नोंदवण्याआधी मी जाऊन सरांना स्पष्ट विचारलं. त्यांनी सुचवलं की प्रत्येक वेळी अज्ञात नमुन्याच्या शेजारी, त्याच स्लाइडवर, दोन माहितीचे नमुने रंगवायचे: एक स्टॅफिलोकोकस आणि एक ई. कोलाय. रंग कळला नाही तरी गडद-फिका कळतो. आकार कळतो, घोस की सुटे दांडके हेही कळतं. रंगाची खात्री जोडीदाराने करायची आणि जर्नलमध्ये तसं लिहायचं. हे जमलं. लूप (जिवाणू उचलायची तारेची कडी) ज्योतीत लाल होईपर्यंत धरणं, प्लेटवर रेघा ओढून एकेकटी वसाहत मिळवणं, ३७ अंशांवर रात्रभर ठेवून सकाळी उघडणं, यातल्या कशालाच रंगाची अडचण नाही आणि विषयाचा मोठा भाग हाच आहे.

तुमची काही शारीरिक अडचण असेल तर प्रवेश घेण्याआधी विचारा. सत्र सुरू झाल्यावर विचारलंत तर तोवर बॅच ठरलेल्या असतात आणि सोय करायला वेळ उरत नाही.

अनुवंशशास्त्र

मला गणित आवडतं, म्हणून हा घेतला. मेंडेलचा लेख १८६६ साली छापला आणि लोकांनी तो खऱ्या अर्थाने वाचला १९०० साली. प्रयोगात मिळालेले आकडे अपेक्षित प्रमाणाशी जुळतात का हे तपासायची काय-वर्ग चाचणी कार्ल पिअर्सनने मांडली तीही १९०० सालीच. आमच्या लॅबमध्ये या दोन गोष्टी एकाच टेबलावर असायच्या: फळमाश्या मोजायच्या आणि मेंडेलच्या ३:१ या प्रमाणाशी ताडून पाहायच्या.

वेळेबद्दल मात्र सांगायलाच हवं. २५ अंशांवर फळमाशी अंड्यापासून साधारण १० दिवसांत पूर्ण वाढते. संकरासाठी नराशी संबंध न आलेली मादी लागते, आणि कोषातून बाहेर पडल्यावर पहिले काही तासच तिची खात्री देता येते. म्हणून सकाळी लवकर जाऊन बाटलीतल्या सगळ्या माश्या काढून टाकायच्या आणि त्याच दिवशी परत जाऊन नव्या माद्या वेगळ्या करायच्या. वेळापत्रकात लॅबचे तीन तास लिहिलेले असतात, माश्यांचं वेळापत्रक वेगळं असतं. दुपारनंतर काम करणाऱ्यांनी किंवा लांबून येणाऱ्यांनी आधी विचारून घ्या, लॅबमध्ये गट करून पाळी लावता येते का. आमच्या गटाने लावली होती आणि ती शेवटपर्यंत टिकली.

भाषेची विद्यार्थिनी

मी विज्ञान शाखेची नाही. इतर शाखांसाठी 'मानवी जीवशास्त्र' होतं, ते घेतलं. मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जवळजवळ सगळा परत रक्तात घेतात, शेवटी लघवी होते ती साधारण दीड लिटर. हे ऐकल्यावर शरीराकडे बघायची माझी नजर बदलली. घरात आजारपण होतं, रिपोर्टवर क्रिएटिनिन (मूत्रपिंडं रक्तातून बाहेर टाकतात तो एक टाकाऊ पदार्थ) लिहिलेलं असायचं. तो आकडा का वाढतो हे मला समजायला लागलं आणि डॉक्टरांना नीट प्रश्न विचारता यायला लागले.

इतर शाखांसाठीचा विषय पुढच्या विज्ञानाच्या विषयांना बऱ्याच ठिकाणी पाया म्हणून धरत नाहीत. मला पुढे जायचं नव्हतं, म्हणून अडलं नाही. तुम्हाला जायचं असेल तर कार्यालयातून तसं लेखी घ्या.

*(मूळ लेखिका: हे फार महत्त्वाचं आहे. त्यात भर म्हणून, पुढच्या वर्षाचे जे विषय मनात आहेत त्यांच्या पूर्वअटी आजच वाचा आणि तिथून उलट मागे या. बहुतेक ठिकाणी पेशी आणि अनुवंश या वाटेवरचा एक विषय तरी मागतात.)*

प्राणिशास्त्र

थोडक्यात लिहिते. मला विच्छेदन करायचं नव्हतं, तो माझा ठाम विचार आहे. विषय मात्र हवा होता. विचारल्यावर कळलं की प्रतिकृती आणि व्हिडिओवर तेच प्रॅक्टिकल करता येतं आणि परीक्षेत गुणही तेवढेच. कोणी नाक मुरडलं नाही.

जैवरसायनशास्त्र

रसायनशास्त्र कच्चं असेल तर हा विषय पहिल्या सत्रात घेऊ नका, एवढं कळकळीने सांगतो. पहिल्या आठवड्यातच बफर (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, फारसं बदलू न देणारं द्रावण) येतो, आणि लॉगॅरिथम, पीएच, आम्लाचं विचरण हे सगळं एकदम अंगावर येतं. रसायनशास्त्र सोबत घेतलं असेल तर मात्र हा विषय अतिशय सुंदर आहे. पहिल्या तासाला आम्ही मायक्रोपिपेटने फक्त पाणी उचललं. १००० मायक्रोलिटर पाणी तराजूवर जवळपास १ ग्रॅम भरायला हवं. कोणाचं कमी भरलं, कोणाचं जास्त, आणि मॅडमनी प्रत्येकाच्या अंगठ्याकडे बघून कारण सांगितलं: बटण दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून पाणी ओढलंत, किंवा टोक फार खोल बुडवलंत. पुढचा प्रत्येक प्रयोग त्या अंगठ्यावरच अवलंबून होता.

प्रात्यक्षिकं घेणारी

मी पहिल्या वर्षाच्या लॅब घेते. वर प्रॅक्टिकलच्या यादीबद्दल लिहिलंय ते पटलं, पण त्यासोबत जुन्या प्रश्नपत्रिकाही बघा. एखाद्या विषयात 'व्याख्या लिहा, आकृती काढा' असतं, तर दुसऱ्यात आलेख देऊन 'यावरून काय म्हणता येईल' असं विचारतात. दोन्ही प्रकारांत चांगली मुलं असतात, पण बहुतेक मुलांना यातलं एक मनापासून आवडतं आणि दुसऱ्याचं ओझं होतं.

दुसरं म्हणजे, पहिल्याच सत्रात लॅबचे तीन-तीन विषय घेऊ नका. लॅबच्या तासांना क्रेडिट कमी मिळतं आणि जर्नल घरी पूर्ण करावं लागतं. शिसपेन्सिलची आकृती, सरळ नावरेषा, खाली किती पट मोठी केली ते. हे नीट केलं तर वेळ जातोच, आणि नीट करण्यातच शिक्षण आहे. ज्या मुलांनी घाईघाईत शेजाऱ्याची आकृती उतरवली त्यांना परीक्षेत स्लाइड ओळखता येत नाही, हे मी दर वर्षी बघते आणि मला वाईट वाटतं.

शाळेत बरंच शिकून आलेली मुलं 'परिचय' गाळून थेट पुढचा विषय घेऊ का, असं विचारतात. संकल्पना येत असतील तर गाळा, पण सूक्ष्मदर्शक स्वतः लावता येतो का, ते आधी बघा. तेलात बुडवायचं १०० पट भिंग कोणाला विचारल्याशिवाय वापरता येत असेल तर माझी हरकत नाही.

यंदाच प्रवेश घेतलेला

सगळं वाचलं, दोन्ही याद्या समोर ठेवल्यात. पेशीविज्ञान आणि परिस्थितिकी यात अडकलोय. पेशीविज्ञानाला कांद्याचं मूळ आहेच. परिस्थितिकीत एक मीटर बाजूची चौकट यदृच्छ अंकांवरून ठरलेल्या जागी ठेवून आतल्या वनस्पती मोजायच्या आहेत. दोन्ही करावंसं वाटतंय. दोन्ही लॅबचे विषय आहेत, सोबत रसायनशास्त्रही आहे, म्हणजे तीन होतात. परिस्थितिकी दुसऱ्या सत्रातही मिळते, पेशीविज्ञान फक्त पहिल्यात, आणि अनुवंशशास्त्राला पेशीविज्ञान लागतं. म्हणून आता पेशीविज्ञान आणि रसायनशास्त्र घेतोय. ताई, दुसऱ्या सत्रात परिस्थितिकीसोबत संख्याशास्त्र घेतलेलं कोणी आहे का? चौकटीत गवत आलं तर काड्या मोजायच्या की किती जागा व्यापली ते, हे कोण आणि कसं ठरवतं, तेही सांगा.